केंगने शिवलेली पॅन्ट

तेकचुआनने एक पाय पॅन्टमध्ये घातला आणि दुसरा तसाच हवेत धरून तो ट्रायल रूमच्या भिंतीला टेकला. खोली एवढीशी, की वाकलं की कपाळ आरशावर आपटायचं. ही पाचवी पॅन्ट होती. पहिली कमरेला काचली. दुसरीचं कापड चालताना रेनकोटसारखं वाजत होतं. तिसरी पोटरीच्या वर यायलाच तयार नव्हती, आणि चौथीची चेन इतकी बारीक होती की सुजलेल्या बोटांना ती सापडेपर्यंत संडास गाठायचं कारणच उरलं नसतं.

“पा, झालं का?” बाहेरून मुलाने विचारलं.

“झालं असतं तर इथे कशाला उभा राहिलो असतो?”

“होऊ द्या सावकाश. मला घाई नाही.”

जिनहोंगला घाई नाही, हे ऐकायची तेकचुआनला अजून सवय झाली नव्हती. बेचाळीस वर्षांचा हा मुलगा इपोह शहरात विम्याच्या कचेरीत होता, आणि गेली कित्येक वर्षं चिनी नववर्षाचं जेवणसुद्धा घड्याळाकडे बघत उरकायचा. तोच आता तायपिंगच्या मॉलमध्ये हातावर चार पॅन्ट टाकून बापासाठी अर्धा तास ताटकळत होता आणि कुरकुर करत नव्हता.

तेकचुआनने पाचवी कशीबशी चढवली, हूक लावला आणि तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. तीस वर्षं त्याने तायपिंग ते क्वाला सेपेतांग बस चालवली होती, आणि पॅन्टची पारख बसल्यावरच होते हे त्याचं ठाम मत होतं. कारखानदार पॅन्ट करतात ती उभ्या माणसासाठी. म्हातारा माणूस दिवसभर बसलेला असतो हे त्यांच्या गावीही नसतं. बसल्याबरोबर पट्टी बेंबीच्या डावीकडे, नेमकी दुखऱ्या जागी रुतली. त्याने हूक काढला आणि थोडा वेळ नुसताच बसून राहिला.

ती जागा वर्षाच्या सुरुवातीपासून दुखत होती. जूनमध्ये इपोहच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, यंत्रात झोपवून फोटो काढले. रिपोर्ट इंग्रजीत आणि डॉक्टर गडबडीत. जिनहोंग एकटाच आत गेला, सगळं समजून घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “आतड्याला सूज आहे, पा. वयाने होतं. गोळ्या घ्यायच्या आणि मनाला येईल ते खायचं.” मनाला येईल ते खा म्हणणारा डॉक्टर तेकचुआनला एकदम पसंत पडला होता.

तेव्हापासून मुलगा दर शनिवारी येऊ लागला. रोज दुपारी फोन करू लागला. जी सून पूर्वी त्याच्या कॉफीतलं साखरेचं घट्ट दूध चमच्याने मोजायची, ती आता डबाच त्याच्यापुढे सरकवायची. तेकचुआनने हे सगळं कॉफीच्या दुकानात सविस्तर सांगितलं होतं. ज्यांची पोरं सिंगापूरला जाऊन विसरली होती, त्यांना तर दोनदा सांगितलं होतं. उशिरा का होईना, पोराला बाप आठवला, असं तो म्हणायचा आणि खुर्चीत जरा ताठ बसायचा.

पॅन्ट न घेताच दोघं गाडीत बसले.

“मी केंगकडूनच शिवून घेतो,” तेकचुआन म्हणाला. “त्याने माप नेलंय महिन्यापूर्वी. अजून पत्ता नाही.”

जिनहोंगने चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. “केंग अंकलना आता नीट दिसत नाही, पा. कशाला त्यांना त्रास? पुढच्या शनिवारी इपोहला जाऊ, तिथे मोठं दुकान आहे.”

“दिसत नसलं तरी तो माझी पॅन्ट झोपेत शिवेल.”

जिनहोंगने गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लावली.

केंगचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. चाळीस वर्षं तेकचुआनची प्रत्येक पॅन्ट तिथे शिवली गेली होती. बसून बसून त्या मागून झिजायच्या. मग बायको, लान, त्यांना आतून ठिगळ लावायची आणि वयाबरोबर कंबर ढिली करून द्यायची. चार वर्षांपूर्वी लान गेली. त्याच सुमारास केंगच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याने नवी कामं बंद केली. आता तो फक्त मोहऱ्या दुमडायचा, कॉलर उलटायचा आणि दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपायचा.

महिन्यापूर्वी मात्र तो गळ्यात टेप अडकवून थेट कॉफीच्या दुकानात आला होता. तेकचुआनला दाराशी उभं करून त्याने सगळ्यांसमोर माप घेतलं. कंबर, बैठक, मांडी, उंची. पूर्वी माप घेताना केंगचं तोंड बंद नसायचं. बसची सीट घरी घेऊन आलास का, हा विनोद तर त्याने चाळीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. आकडे वहीत लिहिले आणि निघून गेला. डोळ्यांपायी बिचाऱ्याचा मूडच गेलाय, असं तेकचुआनला वाटलं होतं.

सोमवारी तो दुकानात गेला तेव्हा केंग डोळे दाखवायला हॉस्पिटलात गेला होता. आत स्वयंपाकघरात केंगची बायको गैक कढईत काहीतरी परतत होती. वरच्या फळीवर, बटणांच्या बरण्यांमागे, तपकिरी कागदाचं पुडकं होतं. केंग त्याच्या पुडक्यावर नेहमी नुसतं ‘चुआन’ लिहायचा. ह्यावर आडनावासकट पूर्ण नाव होतं, तेही ब्रशने, नीट रेखून. तेकचुआनने पुडकं काढून दाबून पाहिलं. आतलं कापड हाताला इतकं मऊ लागलं की त्याने तिथेच गाठ सोडली. गडद निळी पॅन्ट होती.

“गैक, माझं काम झालंय, मी घेऊन जातो,” त्याने ओरडून सांगितलं.

“ने, ने,” कढईच्या आवाजावरून गैक ओरडली. “खुंटीला लावलाय बघ.”

तिला त्याचा कॉलर उलटायला दिलेला शर्ट म्हणायचं होतं. तो तेकचुआनने खुंटीवरून काढला आणि पुडकं काखेत मारून घरी आला.

घरी त्याने पॅन्ट घातली आणि तो आधी पलंगावर बसला, मग खुर्चीत, मग बादलीपाशी उकिडवा. कुठेही काचलं नाही. पट्टीला आत कडक अस्तर नव्हतं. चेन नव्हती, हूक नव्हता, बटण नव्हतं. पुढे एक पदर दुसऱ्यावर येत होता आणि कडेला कापडाचेच दोन बंद होते. सुजलेल्या बोटांनाही ते बंद पहिल्या खेपेला बांधता आले. कापड धुऊन धुऊन मऊ केलेलं वाटत होतं. कितीतरी आठवड्यांनी त्याने रेडिओवरच्या बातम्या एका जागी बसून पुऱ्या ऐकल्या आणि मग तीच पॅन्ट घालून तो दुपारी झोपला. म्हाताऱ्याला दिसत नाही, पण माझी बोटं सुजलीत हे बरोबर दिसलं, असं त्याच्या मनात आलं. केंगबद्दल त्याला इतकं बरं वाटलं की उद्या त्याला भाजलेलं बदक खाऊ घालायचं त्याने ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी त्याने तीच पॅन्ट घालून तळ्याला फेरी मारली आणि कॉफीच्या दुकानात येऊन बसला. दुकानवाल्या हुईने कॉफी आणि दोन अर्धकच्ची अंडी आणून ठेवली. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि रुमाल खिशात ठेवायला हात खाली नेला. हात मांडीवरून घसरत गुडघ्यापर्यंत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. मागेही काही नव्हतं.

“खिसे विसरला म्हातारा,” तो स्वतःशीच हसत म्हणाला.

रुमाल हातात धरून त्याने शिवण चाचपून पाहिली. वरपासून खालपर्यंत अखंड. केंगने खिशासाठी शिवण उसवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. केंग खिसा विसरेल, हे त्याला हसता हसताच खटकलं. ह्या माणसाने ड्रायव्हरला तिकिटाची मोड ठेवायला मांडीवर आडवा खिसा स्वतःच्या डोक्याने काढून दिला होता. मग त्याचा हात बंदांवर गेला. खिसा नाही. बटण नाही. धातूचा कणसुद्धा नाही.

त्याच्या आईचे कपडे असेच होते. ते लाकडी पेटीत असायचे. दर वर्षी चिनी पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या बायका गोधड्या उन्हात घालत तेव्हा, आई तेही बांबूवर वाळत घालायची. साठाव्या वर्षी तिने ते, शेवटच्या प्रवासाला अंगावर घालायचे म्हणून, हौसेने शिवून घेतले होते. त्या दिवशी घरात दीर्घायुष्याच्या लांब शेवया केल्या होत्या आणि शेजारणी येऊन कापडाला हात लावून गेल्या होत्या. बाही उलटीपालटी करून त्याने तेव्हा आईला विचारलं होतं, “ह्याला खिसा कुठाय?” आई म्हणाली होती, “जाताना काही न्यायचं नसतं. सगळं तुमच्यासाठी मागे ठेवायचं.” त्यानंतर सव्वीस वर्षं ती जगली, आणि दर वर्षी ते कपडे तिने स्वतःच्या हाताने झटकले.

तेकचुआनने अंड्यांना हात लावला नाही. तो उठला आणि केंगच्या दुकानाकडे चालू लागला. ह्या कपड्यांची भीती अशी त्याला कधीच नव्हती. कुणी विचारलं असतं तर त्याने कापड स्वतः निवडलं असतं, निळ्याऐवजी तपकिरी घेतलं असतं. पण जे उन्हात वाळत घालायचं ते बटणांच्या बरण्यांमागे लपवलं होतं.

केंग मशीनवर बसला होता. त्याने मान वर केली. शिंप्याच्या सवयीने त्याची नजर आधी कपड्यावर गेली आणि चेहऱ्यापर्यंत यायला तिला वेळ लागला.

“ती कुठे मिळाली तुला?”

“तुझ्याच फळीवर. वर माझं नाव होतं.”

“काढ ती, चुआन. आधी काढ.”

“का? झकास झालीय. खिसे तेवढे विसरलास.”

केंगने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“विसरलास ना?” तेकचुआनने पुन्हा विचारलं.

“बस जरा.”

“बसत नाही. कुणी शिवायला सांगितली?”

“तुला कळलंय कुणी ते.”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“जिनहोंगने.” केंगने मशीनखालचा पाय काढून घेतला. “रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. वरचा झगा आणि टोपी अजून व्हायचीय. हात चालत नाही माझा.”

“आतड्याला सूज आहे मला,” तेकचुआन म्हणाला.

“सूज नाही ती.”

हे केंग इतक्या हळू म्हणाला की आत नळाचं पाणी चालू असतं तर ऐकूही आलं नसतं. तेकचुआनने कापायच्या टेबलाची कड धरली.

“किती दिवस म्हणाला डॉक्टर?”

“डिसेंबर. तांदळाच्या गोड गोळ्यांचा सण कदाचित होईल म्हणाला. नक्की कोण सांगणार, डॉक्टर काय, काहीही बोलतात.”

ऑगस्ट चालू होता. तेकचुआनने महिने मोजले नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे शनिवार आले. इपोहहून आलेलं बदकाचं सूप, पुढे सरकवलेला दुधाचा डबा, ट्रायल रूमबाहेर शांतपणे उभा राहिलेला मुलगा. होऊ द्या सावकाश. ज्याला तो माया समजत होता ते सगळे निरोप होते, आणि निरोप कुणाचा चाललाय हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“कशाला विचारतोस?”

“हुईला?”

केंगने मान खाली घातली. “जिनहोंगनेच सांगितलं तिला. तुला रोज दोन अंडी दे म्हणून.”

दोन महिने दोन अंडी येत होती. हुई म्हातारपणी दिलदार झाली असं समजून त्याने तिची चारचौघांत थट्टाही केली होती. आणि त्याच चारचौघांना तो मुलाचं कौतुक सांगत होता, खुर्चीत ताठ बसून. ते सगळे माना डोलवत होते. तेकचुआनचे कान तापले. मरणापेक्षाही त्या डोलणाऱ्या माना त्याला जास्त लागल्या.

“चाळीस वर्षं,” तो म्हणाला. “माझी चेन उघडी राहिली तर बसस्टँडवर शंभर माणसांसमोर बोंब मारायचास तू. आणि हे तुला सांगता आलं नाही?”

“पोरगा रडला इथे. तिथेच उभा होता, तू आहेस तिथे. म्हणाला, पा खचतील.”

“मी खचेन का नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवलंत. माझंच माप घेऊन. सगळ्या दुकानासमोर मला उभं करून.”

“तो सीटचा विनोदसुद्धा तोंडून निघाला नाही रे माझ्या तेव्हा.”

“तू माझा मित्र आहेस असं मी धरून चाललो होतो.”

केंगने एकावर एक घातलेल्या दोन चष्म्यांमधला वरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. “शिव्या दे,” तो म्हणाला. “पण ती काढ. अंगावर ठेवू नको. मी दुसरी शिवतो तुला, दोन दिवसांत शिवतो. चांगले खोल खिसे देतो. आणि ही तर तुझ्या मापाचीही नाही.”

“मापाची नाही कशी? अशी पॅन्ट तू मला जन्मात शिवली नव्हतीस. कापड धुऊन घेतलंस ना?”

“तीनदा.”

“जिवंत होतो तेव्हा एकदाही धुतलं नाहीस.”

“चुआन, माप नाही ते तुझं. वहीत चौतीस आहे. ही मी बत्तीसवर कापली. जिनहोंगच म्हणाला, तोपर्यंत उतरतील ते, दोन इंच कमीच—”

तो मध्येच थांबला. त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं होतं. वरचा पदर खालच्या पदरावर जिथे यायला हवा बरोबर तिथे आला होता. बंद ओढलेले नव्हते की ताणलेले नव्हते. केंगचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तसाच खाली आला.

“बत्तीस,” तेकचुआन म्हणाला.

“मऊ कापड आहे. ताणतं थोडं.”

केंग आजवर त्याच्याशी पुष्कळ गोष्टींबद्दल खोटं बोलला असेल, पण कापडाबद्दल कधी बोलला नव्हता. तेकचुआनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि केंगने तोंड भिंतीकडे फिरवलं.

गैक केव्हाची आतल्या दारात येऊन उभी होती. तिने ओले हात एप्रनला पुसले. वयाने थोडीशीच लहान असून ती त्याला थोरल्या भावाचा मान द्यायची, पण बोलायला ती कधी कुणाला भ्यायली नव्हती.

“चुआन-को, चूक माझी. काल मी ओट्यापाशी होते, बघितलं नाही काय नेताय ते.”

“बरं झालं नाही बघितलंस. तूही लपवलं असतंस.”

“लपवलंच असतं. लपवतच होते.” ती दुकानात आली. “आणि लानच्या वेळी तुम्ही काय केलंत?”

“गैक, आत जा,” केंग म्हणाला.

“नाही जात. हे ओरडून घेताहेत आणि तू ऐकून घेतोयस. लानचा झगा शिवायला मला कुणी सांगितलं? ह्याच टेबलाशी उभे होतात तुम्ही. म्हणालात, तिला पित्त आहे असं सांगितलंय, तुम्हीही तसंच सांगा. जिनहोंगला बरोबर आणलं होतं. पोरगा तुमच्याकडूनच शिकला ना?”

तेकचुआनला टेबलावरची कात्री दिसत होती, खडूचे तुकडे दिसत होते. “ती वेगळी गोष्ट,” तो म्हणाला. “लान घाबरट होती. पाल दिसली तरी पलंगावर चढायची. तिला सांगितलं असतं तर ती आठवडाही काढती ना. शेवटपर्यंत हसत होती ती. तिला काही कळलं नाही.”

गैकने केंगकडे पाहिलं. केंगने मान हलवली, नको म्हणून.

“काय?” तेकचुआनने विचारलं.

“ती आली होती इथे,” गैक म्हणाली. “तुमची पॅन्ट न्यायला. पुडकं ह्याच फळीवर होतं, तिचं नाव वर. मी चहा आणायला आत गेले होते. बाहेर आले तर हिने उघडून झगा मांडीवर घेतलेला, हात फिरवत होती. मी तर मेल्यासारखी झाले. ती म्हणाली, शिवण छान आलीय तुझी. मग म्हणाली, गळ्याशी एक बंद जास्त लाव, मला तिथे गार लागतं.”

तो बंद तेकचुआनने स्वतःच्या हाताने बांधला होता. अंत्यविधीच्या हॉलमध्ये, फुलांच्या वासात, सगळे बाजूला उभे असताना. तीन बंद बांधून झाल्यावर वर आणखी एक निघाला, तेव्हा बायकांच्या झग्याला असत असेल, असं त्याला वाटलं होतं.

“आणखी काय म्हणाली?”

“चुआनला सांगू नका म्हणाली. त्याला वाटतंय मला माहीत नाही. वाटू दे. त्याला कळलं तर तो खचेल.”

गल्लीतून मासेवाल्याची मोटरसायकल गेली. ती पॅन्ट घरी आणल्यानंतर लान अडीच महिने जगली होती. रोज संध्याकाळी दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसून जेवत. तो म्हणायचा, पित्त आहे, जाईल. ती म्हणायची, हो, आज जरा बरं वाटतंय. तिला फसवता आलं, ती न भिता गेली, एवढ्या एकाच समाधानावर त्याने चार वर्षं ढकलली होती. आणि ती तर त्याच्यासमोर बसून एकटीच भीत होती. त्याला केंगचा राग होता, मुलाचा राग होता, पण ह्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त राग लानचा आला. मग तो राग धरायला जागाच सापडेना, कारण सुरुवात त्यानेच केली होती.

शर्टाच्या खिशातला फोन वाजला. दुपारचे बारा झाले होते. तेकचुआनने तो वाजू दिला, मग कानाला लावला.

“पा, जेवलात का?” जिनहोंगचा आवाज मोकळा होता, रोजच्यासारखा ठरवून मोकळा केलेला. “मी त्या दुकानात चौकशी केली. कमरेला इलॅस्टिक असलेल्या पॅन्ट आल्यात त्यांच्याकडे, एकदम मऊ. चौतीस सांगू ना?”

“बत्तीस,” तेकचुआन म्हणाला.

“काय?”

“मी केंगच्या दुकानात आहे. त्याने शिवलेली घातलीय मी. बरोबर बसली.”

पलीकडे कचेरीतले आवाज येत राहिले. कुणीतरी कुणाला तरी फाईल मागत होतं, एक प्रिंटर चालू होता. केंग टेपची गुंडाळी करत होता आणि ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

“जिनहोंग.”

“हं, पा.”

“तुझ्या आईला माहीत होतं. सगळं माहीत होतं तिला. मला आत्ता कळलं.”

पलीकडे खुर्ची सरकली आणि जिनहोंग म्हणाला, “मी निघतो. तासाभरात पोचतो.”

“ये,” तेकचुआन म्हणाला. “मी इथेच थांबतो. आणि वाटेत काय सांगायचं ते जुळवत बसू नकोस.”